गायनाचार्य विष्णु दिगंबर आणि आपल्या मुलींचे गाणे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही आपली आवड मला ठाऊक आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे नाव पुढे केले. त्याला कारण आपल्याच घरांतील एक प्रश्न आहे. महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी मुली आज पेटीपुढे बसून अलंकार घोटीत असतात. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा होतात. त्या जवळ आल्या की आया एकमेकींना विचारू लागतात, की परीक्षकांनी आवडीचा राग म्हणावयास सांगितला तर मुलीने कोणता राग घ्यावा? सोपा घेतला तर मुलीला काही येत नाही असे वाटेल काय? अवघड घेतला आणि मध्येच स्वर सुटला तर काय करावे?

हा प्रश्न काही आपल्याच मुलखातला नाही. विलायतेत सन १८८९ मध्ये संगीत परीक्षांचे एक मोठे मंडळ स्थापन झाले. त्याच्या पियानोच्या परीक्षा आज मुंबई-गोव्याकडील मुलेही देतात. तेथे निरनिराळ्या याद्या असतात आणि प्रत्येक यादीतून एकेक रचना उमेदवाराने स्वतः निवडावयाची असते. तेथील आयाही याच काळजीत पडत असतील. पण आपल्याकडे ज्यांनी सर्वसामान्य घरातील मुलाला, आणि पुढे मुलीलाही, परीक्षकांपुढे बसण्याची वाट करून दिली, त्या पुरुषाचे आयुष्य पाहिले तर उत्तर बरेचसे हाती लागते. काय गावे, कोणापुढे गावे आणि कोणत्या शब्दांत गावे, याची निवड ते जन्मभर करीत आले होते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे पंचगंगेच्या काठचे एक लहानसे संस्थान. शेजारीच नरसोबाची वाडी. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. कीर्तन म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. आपल्याकडे देवळात उत्सव असो की वाडीवरचा सप्ता असो, बुवा उभे राहिले की समोर शेतकरी, दुकानदार, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या सगळ्याच बसलेल्या असतात. कीर्तनकाराला केवळ गाता येऊन भागत नाही. पूर्वरंगात कोणते पद घ्यावे, आख्यान कोठे आले असता कोणती साकी म्हणावी, लोक पेंगू लागले तर कोणता गजर धरावा, हे त्याला उभ्या उभ्या ठरवावे लागते. विष्णूच्या कानावर लहानपणापासून पडले ते असे गाणे.

मुलाने शाळेत शिकून पुढे यावे, असेच घरच्यांना वाटत असणार. पण एका उत्सवात दारूकामाचा स्फोट तोंडाजवळ झाला आणि मुलाचे डोळे भाजले. दृष्टी जवळजवळ गेली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत होत नाहीत असे दिसले तेव्हा पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली. गळा मात्र गोड होता. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय मिळाला आणि मुलाला गाणे शिकवावे असे ठरले. येथे त्याने गाणे निवडले असे म्हणता येणार नाही. दैवाने बाकीचे सर्व काढून घेतले आणि एक गाणे तेवढे ठेवले. पुढच्या निवडी मात्र त्यांच्या स्वतःच्या आहेत.

मिरजेस गुरू लाभले ते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांचा जन्म सन १८४९ चा. तरुणपणी अतिशय हाल सोसून ते उत्तरेकडे गेले, ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणून रुजविली. ग्वाल्हेरच्या गाण्याची एक रीत आपल्या प्रश्नाशी जुळणारी आहे. त्या घराण्याचे गवई अनवट, दुर्मिळ रागांच्या मागे फारसे लागत नाहीत. यमन, भूप, बिहाग, भीमपलास असे सर्वांच्या परिचयाचे राग ते घेतात. बंदिश आधी स्वच्छ, अस्ताई-अंतऱ्यासह मांडतात. मग आलाप, बोलताना, ताना अशी पायरी पायरीने चढण करतात. ऐकणाऱ्याला राग ओळखता यावा, शब्द कळावेत आणि सम आली की मान हलावी, अशी ती रीत आहे. राग ओळखीचा घेतला म्हणजे गवयाची झाकपाक उरत नाही. ऐकणाऱ्याने तो दहा वेळा ऐकलेला असतो आणि एक स्वर ढळला तरी त्याला कळतो. म्हणून सोप्या रागाला अधिक तयारी लागते, हे त्या घराण्याचे शहाणपण होय.

विष्णु दिगंबरांनी बुवांजवळ कित्येक वर्षे घालविली. गुरूच्या घरची सेवा, पहाटेचा रियाज, पुन्हा संध्याकाळचा रियाज, असा तो काळ. त्या वेळी शिकविण्याला क्रम असा नव्हता. गुरूंची मर्जी लागेल तेव्हा आणि लागेल तेवढे मिळावयाचे. शिष्याने कानाने टिपून घ्यावयाचे. लिहून ठेवण्याची सोय नाही, पुस्तक नाही, आपण कितवीत आहोत हे कळण्याचा मार्ग नाही. ज्याला वर्षानुवर्षे घर सोडून राहणे शक्य आहे त्यालाच ही विद्या मिळणार हे उघड होते. मुलींची तर गोष्टच बोलावयास नको.

त्या काळी गवयाची समाजात प्रतिष्ठाही बेताचीच होती. दरबारात गाणे ऐकावे, बिदागी द्यावी, पण गवयाला बरोबरीने बसवू नये, अशी रीत. मिरजेतील एका समारंभाला विष्णु दिगंबरांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही आणि ते गवई आहेत एवढेच त्याचे कारण होते, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. ती गोष्ट शिष्याच्या मनाला फार लागली. सन १८९६ च्या सुमारास त्यांनी मिरज सोडली आणि त्याबरोबर संस्थानचा सुखाचा आश्रयही सोडला. वय अवघे चोवीस, दृष्टी अधू आणि बरोबर एक-दोन सोबती.

औंध, सातारा, बडोदे, ग्वाल्हेर, काठेवाड, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. राजेरजवाड्यांपुढे ते गायले. पण काठेवाडात त्यांनी एक नवीन गोष्ट केली. तिकीट लावून, ज्याला हवे त्याला येता येईल, असा गाण्याचा जलसा केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र शास्त्रोक्त गाणे हे दरबारात, नाहीतर श्रीमंताच्या दिवाणखान्यात असावयाचे. चार आणे देऊन वाण्याने किंवा शाळामास्तराने ते ऐकावे, ही कल्पनाच निराळी. श्रोते बदलले म्हणजे गाण्याची निवडही बदलावी लागते. दरबारी जाणकाराला एकच राग दोन तास पुरतो. प्रथमच ऐकावयास आलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो. पंडितजी ख्याल गात आणि त्याबरोबर तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची पदेही रागात बांधून गात. कीर्तनकाराचा मुलगा तो. समोर कोण बसले आहे हे जाणून पद निवडण्याची घरची विद्या त्यांच्या अंगी होतीच.

फिरत फिरत ते लाहोरला पोचले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. त्या वेळी ते पंजाबचे मोठे विद्यापीठाचे शहर होते. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणा एका राजाच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर ही शाळा चालावयाची होती. मुलूख परका, भाषा परकी. आरंभी विद्यार्थी मिळण्याचीच पंचाईत. तरी ठरल्या वेळी शाळा उघडून पंडितजी तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात.

या शाळेत त्यांनी जे केले त्यामुळेच आज आपल्या मुलींना परीक्षा देता येते. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी इयत्ता पाडल्या. अमुक वर्षी अमुक अलंकार, अमुक राग, अमुक ताल, असा अभ्यासक्रम ठरविला. दुसरी गोष्ट, स्वर आणि ताल कागदावर लिहिण्याची एक पद्धत त्यांनी बसविली. तिसरी गोष्ट, संगीत बालप्रकाश, रागप्रवेश अशी क्रमिक पुस्तके काढली आणि ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना घातला. चौथी गोष्ट, गाणे शिकविण्याचाच पेशा पत्करणाऱ्या मुलांसाठी उपदेशक वर्ग सुरू केला. त्या वर्गातील मुले आश्रमासारखी शाळेतच राहत. राहण्या-जेवण्याची व शिक्षणाची सोय शाळा करी आणि त्याबदली काही वर्षे शाळेत राहून शिकण्या-शिकविण्याचा करार त्यांना पाळावा लागे. पहाटे उठणे, प्रार्थना, रियाज, स्वच्छ कपडे, व्यसनाला पूर्ण बंदी, असा तेथला शिरस्ता होता. गवई म्हणजे व्यसनी, बेभरवशाचा मनुष्य, हा समज त्यांना मुळापासून काढावयाचा होता.

पाचवी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. त्यांच्या शाळेने स्त्रियांनाही गाणे शिकविले आणि महिला संगीत या नावाची पुस्तकेही काढली. घरंदाज स्त्रीने गाणे शिकणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. ओव्या, पाळणे, भूपाळ्या, मंगळागौरीची गाणी यांना कोणी गाणे म्हणत नसे, आणि ज्याला गाणे म्हणत ते चांगल्या घरच्या बाईने शिकावयाचे नाही, असा दंडक होता. पंडितजींनी ही अडचण निवडीनेच सोडविली. जुन्या बंदिशींतून शृंगाराचे शब्द पुष्कळ असत. सासूच्या, नणदेच्या चोरून प्रियकराला भेटण्याच्या गोष्टी त्यांत असत. त्यांतील कित्येक शब्द त्यांनी बदलले, काही चिजा बाजूला ठेवल्या आणि भक्तीची पदे पुढे आणली. बापाने, सासऱ्याने ऐकले तरी संकोच वाटू नये, असे गाणे त्यांनी मुलीच्या हाती दिले.

येथे मला एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. ज्या काळी घरंदाज स्त्रियांच्या ओठांवर कुलूप होते, त्या काळी ही विद्या पुरुष गवयांच्या बरोबरीने कलावंतिणींनीही जिवापाड सांभाळली होती. ख्याल, ठुमरी, होरी त्यांच्या गळ्यात होती. गाणे शुद्ध करावयाचे म्हणून जेव्हा शब्द बदलले गेले आणि शाळांची दारे घरंदाज मुलींना उघडली, तेव्हा या बायकांच्या विद्येला शाळेत मानाची जागा मिळाली नाही. शब्द बदलताना काही जुन्या चिजांचे सौंदर्यही कमी झाले, असे जाणकार म्हणतात. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. आपल्या मुलींसाठी दार उघडले हे खरे आणि दुसऱ्या कोणाच्या मुली दाराबाहेर राहिल्या हेही खरे. त्यांचे ऋण आपण विसरू नये.

मात्र पंडितजींच्याच व्यासपीठावरून एका मुलीचे नाव पुढे आले, हेही सांगितले पाहिजे. सन १९२१ च्या सुमारास मुंबईस त्यांनी भरविलेल्या संगीत परिषदेत हिराबाई बडोदेकर गायल्या. त्यांचे वय तेव्हा सोळाच्या आसपास होते. थोर गवई अब्दुल करीम खाँ यांची ही कन्या. पुढे हिराबाईंनी तिकीट लावून, साध्या पातळात, बैठकीवर बसून जाहीर मैफली केल्या आणि स्त्रीच्या गाण्याला सभ्य समाजात मान मिळवून दिला. सन १९८९ मध्ये त्या वारल्या.

सन १९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईस गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि तेच पुढे मुख्य ठाणे झाले. विद्यार्थी वाढले, वर्ग वाढले, स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. हिशेब मात्र जमला नाही. इमारत कर्जाची होती. जलशांसाठी गावोगाव हिंडून ते पैसा आणीत आणि तो शाळेच्या खर्चात जिरून जाई. अखेर कर्ज फिटेना आणि इमारत लिलावात गेली. बायकांना हे दुःख चटकन समजेल. राजाचा आश्रय नको, लोकांच्या बळावर शाळा चालवू, हा त्यांचा बाणा होता, आणि त्याची किंमत त्यांनी अशी मोजली.

घरातही दुःख थोडे नव्हते. पत्नी रमाबाई यांच्या पोटी झालेली बहुतेक अपत्ये लहानपणीच गेली. वाचला तो एकटा दत्तात्रेय, सन १९२१ मध्ये जन्मलेला. पंडितजींच्या विद्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या माउलीने लाहोर, मुंबई, नाशिक असे बिऱ्हाड हलवीत आणि एकामागून एक मूल गमावीत तो संसार कसा केला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

याच सुमारास पंडितजींचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. नाशिकास त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. भगवी वस्त्रे, तुलसी रामायणाचे प्रवचन आणि रामधून असा त्यांचा दिनक्रम झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांतून ते वंदे मातरम् गात. रघुपति राघव या रामधुनेची जी चाल पुढे देशभर गेली, तीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे महात्माजींच्या साबरमती आश्रमात संगीतशिक्षक होते आणि सन १९३० च्या दांडीयात्रेत महात्माजींबरोबर चालले. दरबारापासून निघालेले गाणे मिठाच्या सत्याग्रहापर्यंत असे पोचले. हजारो माणसांनी एका सुरात म्हणावयाचे तर चाल थोड्या स्वरांची आणि सर्वांच्या आवाक्यातली हवी. मोठा गवई असूनही त्यांनी ती साधी चाल निवडली, यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. जेथून आश्रय सोडून निघाले होते तेथेच ते परत आले. वय एकोणसाठ वर्षांचे. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा घेणारे मंडळ ते हेच. इमारत गेली, पण शिष्य उरले. विनायकराव पटवर्धनांनी सन १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. नारायणराव व्यास यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून घरोघर गेले. बा. र. देवधर यांनी मुंबईस आपली शाळा चालविली, युरोपीय संगीताचाही अभ्यास केला आणि कुमार गंधर्वांसारखा शिष्य तयार केला.

त्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या चिजा जमविल्या, त्या स्वरलिपीत छापल्या, रागांचे दहा थाट मांडले आणि सन १९२६ मध्ये लखनौस संगीत महाविद्यालय उभे केले. या दोन विष्णूंचे सर्व बाबतींत जमत नसे. एकाचा ओढा शास्त्राकडे, दुसऱ्याचा भक्तीकडे व शिस्तीकडे. आज आपल्या मुलींच्या वहीत मात्र दोघांचीही विद्या शेजारी शेजारी नांदते आहे.

वडील वारले तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी त्याला शिकविले आणि चौदाव्या वर्षी पंजाबात जालंदरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात तो गायला. तोच पुढे द. वि. पलुसकर म्हणून नावारूपास आला. सन १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात आणि मुलींना त्या अवश्य ऐकवाव्या. राग नेहमीचे, मांडणी थोडक्यात, शब्द स्वच्छ, स्वर जागच्या जागी, कोठे ओढाताण नाही. आवडीचा राग म्हणजे काय, हे त्या काही मिनिटांत ध्यानी येते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पंडितजींच्या चरित्रावरून मी जे समजले ते असे. परीक्षेला राग घ्यावा तो मुलीच्या गळ्यात मुरलेला. मागच्या महिन्यात शिकलेला, कितीही भारी वाटला, तरी घेऊ नये. भूपात पाचच स्वर आणि तेही सगळे शुद्ध, म्हणून तो सोपा समजतात. पण देसकारातही तेच पाच स्वर आहेत. गंधारावर बसावयाचे सोडून मुलगी धैवतावर रेंगाळू लागली की भूप हातचा जातो. म्हणजे सोप्यातही कस लागतोच, आणि तो कस लागू द्यावा. दोन राग म्हणावयाचे असतील तर ते एकमेकांपासून निराळे असावेत. एक भूपासारखा शुद्ध स्वरांचा, तर दुसरा काफी किंवा भीमपलास असा कोमल गंधार-निषादाचा असावा. ताल एकदा त्रितालाच्या सोळा मात्रांचा, तर एकदा झपतालाच्या दहा मात्रांचा घ्यावा. पियानोच्या परीक्षेत निरनिराळ्या याद्यांतून रचना निवडावयास लावतात, त्यामागचा हेतू हाच असावा. एकाच रंगात सगळे गाणे बुडवू नये.

मुलीची पट्टी तिची स्वतःची असावी. मैत्रीण काळी पाचमध्ये गाते म्हणून हिनेही तेथे चढावे, असे नाही. तार षड्जाला गळा फाटत असेल तर पट्टी खाली घ्यावी आणि तीच पट्टी परीक्षेच्या दिवशीही मागून घ्यावी. टाळी-खाली दाखवून ताल हातावर म्हणण्याची सवय घरी पोळ्या लाटता लाटता आईनेही करून घ्यावी. बंदिशीच्या शब्दांचा अर्थ मुलीला ठाऊक असलाच पाहिजे. शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला असे मानणारा आपला मुलूख. पोलादपुरास तर कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शब्दाला किंमत न देता नुसते स्वर ओढणे आपल्याला शोभणारे नाही.

एक सूचना मंडळापुढे ठेवते. परीक्षेत पुष्कळ मुली चुकतात त्या अज्ञानाने नव्हे, तर परक्या माणसापुढे कधी गायलेल्या नसतात म्हणून. वर्गात बाई असतात, घरी आई असते, आणि एकदम समोर परीक्षक येतात. पंडितजींनी गाणे दिवाणखान्यातून काढून चारचौघांत आणले. आपणही तेवढे करू शकतो. २१ ऑगस्ट ही त्यांची पुण्यतिथी. ते दिवस भर पावसाचे, बहुधा श्रावणाचे. सावित्रीला पाणी असते, घाटरस्त्यांवर धुके असते, तरी मंगळागौरीला आपण जमतोच. त्या सुमारास एका दुपारी मंडळात तंबोरा लावावा, पेटी-तबला मांडावा आणि परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलीने आपला निवडलेला राग दहा मिनिटे सर्वांपुढे म्हणावा. पोलादपूरच्या मुलींना संध्याकाळच्या एस. टी. ने परत जाता यावे म्हणून आरंभ वेळेवर व्हावा. ऐकावयास ज्या आजीबाई बसतील त्यांनी रागाचे नाव विचारू नये, मुलीला नुसते ऐकावे आणि शेवटी ज्यांना येत असेल त्यांनी आपली एखादी जुनी ओवी किंवा भूपाळी म्हणावी, म्हणजे मुलींच्याही ती कानावर पडेल.